फोन घरात आहे, पण दादीला तो ऐकू येत नाही

‘न दिसणाऱ्या माणसाला सरकार मोबाइल देते, हे खरे का? आणि माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी काही मिळते का?’ असे दोन प्रश्न एका भगिनीने एकाच पत्रात विचारले आहेत. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असे आहे. पण तेवढ्यावर विषय संपत नाही. सरकारकडून मिळालेले यंत्र डबीसकट कपाटात पडून आहे, अशी घरे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत असतील. म्हणून यावेळी जरा सविस्तर लिहिते.

आधी फोनचेच बघू. कोकणातल्या आपल्या मोहल्ल्यांत ज्यांनी ऐंशीचे दशक पाहिले आहे त्यांना कॅसेट आठवत असेल. कुवेत-दुबईला गेलेला मुलगा पत्र लिहिण्याऐवजी बोलणे टेप करून पाठवायचा आणि सगळे घर टेपरेकॉर्डरभोवती बसायचे. त्या कॅसेटचा एक मोठा फायदा होता. दादीला ऐकू आले नाही, तर ती मागे फिरवून, आवाज वाढवून पुन्हा लावता येई. आता व्हिडिओ कॉल आहे, मुलगा समोर दिसतो, पण दादी नुसती हसून मान हलवते आणि फोन सुनेच्या हातात देते. ‘तू बोल, नंतर मला सांग.’ घरातली कर्ती बाई तिच्या वतीने बोलते. प्रेमानेच बोलते. तरी दादीला मुलाशी जे एकटीने बोलायचे होते ते राहून जाते.

दिसत नसेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. आज बँकेचा संदेश, रेशनची केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, दवाखान्याची वेळ, सगळे फोनवर येते. कॉलेजात जाणाऱ्या, न दिसणाऱ्या मुलीला ओटीपी आला की ती भावाला हाक मारते. म्हणजे तिच्या खात्यात किती पैसे आले, कोणाचा मेसेज आला, मैत्रिणीने काय लिहिले, हे सगळे आधी भावाला कळते. भाऊ चांगला असेल तर प्रश्न नाही, असे आपण म्हणतो. पण आपल्यापैकी किती जणी आपला फोन असा रोज भावाच्या हाती वाचायला देतील?

अशी साधने सार्वजनिक पैशातून पुरवण्याची कल्पना रुजली ती अमेरिकेत, आणि तिच्यामागची कहाणी मोठी विचित्र आहे. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांचे शिक्षक होते. त्यांच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हते आणि पत्नीही लहानपणीच्या तापाने बहिऱ्या झालेल्या. अशा माणसाने १८७६ मध्ये जे यंत्र जगाला दिले, त्याने सगळे जग जोडले आणि बहिऱ्यांना तेवढे बाहेर ठेवले. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे हे असेच चालले. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्त या, स्वतः बहिरे असलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टाइप केलेली अक्षरे पाठवण्याची युक्ती काढली. त्यासाठी सुरुवातीला कंपन्यांनी मोडीत काढलेली जुनी टेलिप्रिंटर यंत्रे वापरली गेली. कपाटाएवढी ती यंत्रे बहिऱ्या कुटुंबांनी दिवाणखान्यात ठेवली. हेतू एवढाच की आपला फोन आपण करावा.

पण यंत्र महाग होते. मग कॅलिफोर्निया राज्याने १९७९ मध्ये कायदा करून ते बहिऱ्या ग्राहकांना देण्याची व्यवस्था केली. पुढे याच कार्यक्रमात आवाज वाढवणारे, मोठ्या बटणांचे, घंटी वाजताच दिवा लागणारे, क्षीण आवाजाच्या माणसाचे बोलणे मोठे करणारे असे नाना प्रकारचे फोन आले. खर्च कसा भागवला, तर राज्यातल्या सगळ्या टेलिफोन ग्राहकांच्या बिलात एक छोटी रक्कम लावून. डॉक्टरचे किंवा तज्ज्ञाचे प्रमाणपत्र असले की फोन मोफत. तुम्ही गरीब की श्रीमंत, हे तिथे विचारत नाहीत. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने देशभर मध्यस्थ सेवाही आली. ७११ हा क्रमांक लावला की एक कर्मचारी मधे बसतो, बहिऱ्या माणसाने टाइप केलेले समोरच्याला वाचून दाखवतो आणि त्याचे उत्तर टाइप करून पाठवतो. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्यांच्यासाठी २०१० च्या कायद्याने वर्षाला एक कोटी डॉलरपर्यंतची वेगळी तरतूद झाली. तिला मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे. या योजनेतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी की यंत्र निवडायला मदत करणे, ते बसवून देणे आणि माणसाला शिकवणे, हा खर्चही योजनेतच धरलेला आहे. ब्रेल अक्षरे बोटाखाली उमटवणारे यंत्र कोणाच्या मांडीवर ठेवून निघून गेलात, तर तो बिचारा त्याचे काय करणार?

आपल्याकडे टेलिफोन बिलातून चालणारी अशी योजना नाही. पण केंद्र सरकारची ‘एडीप’ योजना आहे आणि ती १९८१ पासून आहे. अपंग व्यक्तींना साधने-उपकरणे देणारी ही योजना. तिची बरीचशी साधने ‘एलिम्को’ या कानपूरच्या सरकारी कंपनीकडून येतात. तीनचाकी सायकल आणि कुबड्या यांच्यासाठी ती सर्वांना माहीत आहे, कारण वर्तमानपत्रात फोटो त्यांचेच येतात. पण तिच्यात कानामागे लावायचे डिजिटल श्रवणयंत्र आहे, न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचे वाचून दाखवणारा स्मार्टफोन आहे, बोलकी पुस्तके वाजवणारा डेझी प्लेअर आहे, पुढचा अडथळा कंपनाने सांगणारी काठी आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा लाखोंचा खर्चही तिच्यात बसतो. पण त्यासाठी वयाची मर्यादा पाच वर्षांची आहे. ‘मुलगा उशिरा बोलेल, त्याचे अब्बाही उशिराच बोलले होते’ असे म्हणत चार वर्षे घालवणारी घरे मी पाहिली आहेत. मूल हाकेला वळत नसेल तर वर्षाच्या आत कान तपासून घ्या. लहान मुलाला काही सांगावे लागत नाही. झोपलेले असताना डोक्याला तारा लावून बेरा नावाची तपासणी करतात.

एडीपच्या अटी अशा. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला हवा. महिन्याचे उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधन पूर्ण मोफत, त्यापुढे ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांचे उत्पन्न धरतात. त्याच कामासाठी गेल्या तीन वर्षांत कुठूनही सरकारी मदत घेतलेली नसावी. बारा वर्षांखालील मुलांना ही अट एकच वर्षाची, कारण मुले वाढतात. अर्ज कुठे करायचा? जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात, किंवा जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्र असेल तर तिथे. शाळेत जाणाऱ्या मुलांची साधने समग्र शिक्षा अभियानातूनही येतात, त्यामुळे मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

आता दाखल्याबद्दल, कारण आपली घरे अडतात ती इथेच. दाखला म्हणजे आता यूडीआयडी कार्ड. त्याचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रातून भरायचा, मग बोलावतील त्या दिवशी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी. कार्डाचे रंग तीन. पांढरे म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली, पिवळे म्हणजे ४० ते ८०, निळे म्हणजे ८० आणि त्यावर. एडीपसाठी पिवळे किंवा निळे लागते.

अर्ज भरण्याआधी एक काम करा. आधार, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि बँकेचे पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. हे मी सगळ्यांना सांगते, पण आपल्या घरांना जास्त जोर देऊन सांगते. एकावर ‘शेख’चे इंग्रजी स्पेलिंग एक, दुसऱ्यावर दुसरे. कुठे ‘मोहम्मद’, कुठे ‘मुहम्मद’, कुठे नुसते ‘मो.’. बाईचे नाव एका कागदावर वडिलांच्या नावासह, दुसऱ्यावर नवऱ्याच्या, तिसऱ्यावर पुढे ‘बी’ लावलेले. संगणकाला ही तीन वेगळी माणसे वाटतात आणि अर्ज परत येतो. आधारवरचे नाव मुख्य धरून बाकीचे दुरुस्त करून घ्या. महिना-दोन महिने जातील, पण ही खटपट एकदाच.

दुसरी अडचण कागदाची नाही. ‘दाखला काढला तर मुलीला रिश्ता यायचा नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचा राग येतो. मुलीला कमी ऐकू येते, हे मोहल्ल्यात सर्वांना माहीत असते. माहीत नसते ते फक्त सरकारी कागदाला. त्या कागदाअभावी तिची शिष्यवृत्ती जाते, नोकरीतला हक्क जातो, यंत्र जाते. मुलाचा दाखला मात्र काढला जातो, कारण त्याला नोकरी करायची आहे. आणि निकाहाच्या वेळी लपवलेले नंतर उघड होते, तेव्हा सोसावे कोणाला लागते, हे वाचकांना सांगायला नको. जिला बोलता येत नाही तिचा स्पष्ट इशारा फिक्हमध्येही तिचे बोलणे म्हणून धरला जातो. मग घरात तरी तिच्या इशाऱ्याला तेवढी किंमत असावी.

श्रवणयंत्राकडे वळते, कारण कपाटात सर्वाधिक तेच सापडते. आजोबांना शिबिरात यंत्र मिळते. सकाळपासून बसलेले असतात, मंडपात भाषणे होतात, फोटो निघतो, दुपारी डबी हातात येते. (हा पैसा तुमच्या-आमच्या करातलाच असतो. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाला चार तास खुर्चीवर बसवून हार-तुरे का बघायला लावायचे, हे मला कळलेले नाही.) घरी येऊन ते कानात घालतात. भांडी, पंखा, रस्त्यावरची रिक्षा, सगळे एकदम डोक्यात घुसते. यंत्र शिट्टी वाजवते. चार दिवसांनी ते काढून ठेवतात आणि म्हणतात, ‘यापेक्षा बहिरा होतो ते बरे.’

यंत्र बहुतेक वेळा चांगले असते. शिट्टी वाजते ती कानातला साचा नीट बसत नसल्याने. साचा त्यांच्याच कानाचे माप घेऊन केलेला हवा. आवाज किती वाढवायचा, तो कोणत्या सुरांचा, हे त्यांच्या ऑडिओग्रामवरून जुळवावे लागते आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा जाऊन बदलून घ्यावे लागते. सवयही बेताबेताने करायची. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत एकाच माणसाशी तासभर बोलायचे, मग घरात, मग ओट्यावर, आणि सर्वांत शेवटी लग्नघरात. बटणासारखी छोटी बॅटरी काही दिवसांत संपते. ती मेडिकलमध्ये किंवा श्रवणयंत्राच्या दुकानात मिळते, पण यंत्रावर लिहिलेल्या क्रमांकाचीच घ्यायची. शिबिरात यंत्र घेतानाच विचारा: साचा माझ्या मापाचा आहे का? पुन्हा जुळवायला कुठे यायचे? फोनवर बोलण्यासाठी यात वेगळी सोय आहे का? काही यंत्रांत ती असते. तिचे बटण दाबले की फोनमधला आवाज थेट येतो, भोवतालचा गोंगाट गळतो. ज्यांच्याकडे ती आहे त्यांतल्या अनेकांना तिचा पत्ताही नसतो.

मुंबईत वांद्र्याला यासाठी राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ मध्ये स्थापन झालेली. अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था असे तिचे नाव. अली यावर जंग हे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. १९७६ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्याआधी ते उस्मानिया आणि अलिगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू आणि अमेरिकेतले भारताचे राजदूतही होते. संस्थेत कानाची तपासणी, यंत्र जुळवणे, लहान मुलांना बोलायला शिकवणे ही सगळी कामे एका ठिकाणी होतात आणि एडीपमधून यंत्रेही दिली जातात.

पत्रलेखिकेच्या सासऱ्यांसाठी आणखी दोन वाटा आहेत. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. वय ६० च्या पुढे आणि दारिद्र्यरेषेखालील कार्ड किंवा महिन्याचे उत्पन्न १५,००० च्या आत असेल, तर श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशी साधने वस्तुरूपात मिळतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. वय ६५, कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न दोन लाखांपर्यंत, आणि साधन घेण्यासाठी ३,००० रुपये एकदा थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. तीन हजारांत चष्मा होईल, काठी होईल. कानाचे चांगले डिजिटल यंत्र होणार नाही. म्हणून कानाची तक्रार खरोखर मोठी असेल तर या तीन हजारांवर न थांबता दाखला काढून एडीपकडेच जावे, असे माझे मत आहे.

एक पैसा असाही आहे ज्याची फार थोड्यांना कल्पना असते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे आहेत. अनेक ठिकाणी ते वर्षाअखेर थोडे-थोडे वाटून संपवतात. ग्रामसभेत उठून ‘आमच्या गावातल्या अमुक जणांना पडदा वाचणारा फोन घ्या आणि तो शिकवायला माणूस द्या’ अशी मागणी लेखी करता येते. बायकांनी ग्रामसभेला जायचे ते अशाच कामांसाठी.

हे सगळे होईपर्यंत हातातल्या फोनचे काय? अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुलभता’ हा भाग असतो. त्यातले ‘टॉकबॅक’ सुरू केले की बोट जिथे जाईल तिथले फोन वाचून दाखवतो, मराठीतही. आयफोनमध्ये त्याला ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. सुरू केल्यावर फोन वापरण्याची पद्धतच बदलते. एका टिचकीने नुसते वाचले जाते, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. हे न सांगता कोणी सुरू करून दिले, तर घरचे घाबरतात आणि फोन बिघडला म्हणून दुकानात नेतात. बहिऱ्यांसाठी गूगलचे ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ मोफत आहे. समोरचा बोलेल ते मोठ्या अक्षरांत पडद्यावर उमटते, मराठी आणि उर्दूही. आपल्या घरातली दख्खनी-मराठी मिसळ त्याला नेहमी समजते असे नाही, काही वेळा भलतेच लिहून मोकळे होते. पण डॉक्टरसमोर किंवा बँकेत ते फार कामाला येते. खुणांची भाषा वापरणाऱ्यांना तर व्हिडिओ कॉल हाच खरा टेलिफोन. घरच्यांनी त्यातल्या निदान शंभर खुणा शिकाव्यात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा शब्दकोश इंटरनेटवर चित्रफितींसह मोफत आहे.

बँकेत अडवले तर हे लक्षात ठेवा. फोनवरच्या केवायसीत ‘कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावा’ असे सांगतात. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांचे डोळे आम्लहल्ल्यात गेले, त्यांना ते जमत नाही. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सर्वांना जमेल अशी करण्याचे आदेश दिले. शाखेत कोणी ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणाले, तर हा निकाल सांगून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शेवटी एक साधी गोष्ट, ज्यावर बहुतेक घरांत लक्ष जात नाही. सिम कोणाच्या नावावर आहे ते बघा. न दिसणाऱ्या मुलीचे किंवा दादीचे बँक खाते आणि आधार बहुधा मुलाच्या वा भावाच्या नंबराला जोडलेले असते. स्वतःच्या नावाचे सिम घेऊन तोच नंबर आधार, बँक आणि यूडीआयडीला जोडा. तो भाऊ उद्या सौदीला गेला, तर ओटीपी तिकडे जातो आणि इकडे रेशन दुकानदार मशीन हातात घेऊन थांबलेला असतो.